अस्तर गेलं कुठे?

ऐकलंत का? पुरुष आता ट्रायलला जायला लागलेत. एकदा नाही, दोनदोन-तीनतीनदा. आणि कुणी ओढून नेत नाही हो, स्वतःच्या पायानं!

लक्ष्मी रोड म्हणा, दादर म्हणा. ज्या दुकानांच्या पायरीवर आजवर नवरे मंडळी हातात पिशव्या घेऊन घड्याळ बघत उभी असायची, तीच मंडळी आता आत आरशासमोर पाठमोरी उभी राहून, मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघतायत. कोटाची कॉलर मानेला लागून बसतेय की मागे उचलली जातेय, हे त्यांना तपासायचं असतं. ब्लाउजचा गळा अर्धा इंच उतरला म्हणून बायकोनं शिंप्याकडे दुसरी खेप घातली, तर "कोण बघतंय एवढं!" म्हणणारी हीच ती तोंडं. आता बाही पाव इंच लांब झाली तर यांना रात्रीची झोप लागत नाही.

साथ लग्नसराईतून आली. आपल्याकडचे मुहूर्त कधी? ऐन एप्रिल-मे. मुलांच्या शाळा सुटलेल्या, आंबा आलेला, आणि विदर्भात पारा ४५च्या आसपास. अशा दिवसांत रिसेप्शनला सूट घालायचा तर तो 'उन्हाळी' हवा, हे कुणीतरी रीलमध्ये सांगितलं आणि झालं! आमच्या भाच्यानं साखरपुड्यालाच फर्मावलं, "मावशी, मी लिननचा मापाचा सूट करतोय. अनलाइन्ड." मी म्हटलं, कर बाबा. अनलाइन्ड म्हणजे काय ते मला कळलं नाही. ते पुढे कळलं, आणि मग मी हा लेख लिहायला घेतला.

आधी त्या 'मेड टू मेझर'च्या जाहिरातीबद्दल बोलू. म्हणे, खास तुमच्या मापाचा कोट! अहो, आपल्याकडे दुसरा कुठला होता? मानपानात जावयाला सूटपीस यायचा, वर खिडकीचा पारदर्शक कागद लावलेल्या खोक्यात. टेरीवूलचा, बहुतेकदा निळा किंवा चॉकलेटी. तो घेऊन गल्लीतल्या मास्तरांकडे जायचं, मास्तर माप घ्यायचे, तारखेला हमखास चुकायचे आणि लग्नाच्या आदल्या रात्री काज-बटण करून द्यायचे. रिसेप्शनला एकदा अंगावर चढला की तो सूट डांबराच्या गोळ्यांच्या स्वाधीन. (काही सूटपीस तर शिवलेच जात नसत, एका आहेरातून दुसऱ्या आहेरात फिरत राहत. आमच्या घरातून गेलेला एक करडा तुकडा तीन लग्नं फिरून परत आमच्याच घरी आला, आईनं खोक्याच्या फाटलेल्या कोपऱ्यावरून ओळखला.) मग तयार कपडे आले, मॉल आले, गल्लीतले मास्तर पँटची उंची कमी करून देण्यापुरते उरले. आणि आता तेच माप, तीच टेप, तोच खडू थंडगार दालनात, कॉफी देऊन, भरभक्कम किमतीला परत विकतायत. गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय नवीन कल्पना आहे!

फरक नाही असं म्हणत नाही मी. फरक आहे, आणि तो नीट समजून घ्यावा, कारण दुकानदार दोन गोष्टींची बेमालूम सरमिसळ करतो. 'मेड टू मेझर'मध्ये कंपनीकडे एक ठरावीक साचा असतो. तुम्हाला नमुन्याचा कोट घालायला देतात, टाचण्या लावून इथे घ्या-तिथे सोडा असं ठरवतात, मापं संगणकात जातात आणि कोट कुठल्यातरी कारखान्यात शिवला जातो. 'बिस्पोक' म्हणजे तुमच्या अंगासाठी नव्यानं कागद बेतायचा, कापड कापायचं, पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घालून अर्धवट कोट अंगावर चढवायचा, आणि मग मास्तर तो तुमच्या डोळ्यांदेखत उसवणार! भाच्यानं पैसे दिले पहिल्याचे आणि मित्रांना सांगितलं दुसरं.

माप घेण्याचा सोहळा मात्र मी स्वतः पाहिला. मास्तर साठीचे, चष्मा कपाळावर, टेप गळ्यात, आकडे बोलणार ते आणि वहीत लिहिणार पोऱ्या. "खांदा साडेअठरा. छाती बेचाळीस. उजवा खांदा डाउन." उजवा खांदा खाली आहे हे भाच्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, त्याचा चेहरा एकदम पडला. मास्तरांनी त्याची समजूत काढली, सगळ्यांचेच थोडे वरखाली असतात, आपण आतून सांभाळून घेऊ. मग टेप पोटाशी आली आणि भाच्यानं श्वास आत ओढला. मास्तर काहीही बोलले नाहीत. टेप तशीच सैल धरून, छताकडे बघत, शांत उभे राहिले. त्यांना अनुभवानं ठाऊक असतं, माणूस श्वास किती वेळ धरून ठेवणार? पाऊण मिनिटात पोट आपल्या जागी परत आलं. "चाळीस," मास्तर म्हणाले, आणि पोऱ्याला हळूच, "माया जास्त ठेव." लग्नानंतर जेवणावळी असतात, हे मास्तरांना माहीत. संगणकाला कुठलं माहीत असायला!

आता त्या अस्तराचं प्रकरण.

दुसऱ्या ट्रायलला भाच्याची आई, म्हणजे आमची ताई, आणि मी दोघी गेलो. ताईनं सवयीप्रमाणे कोट उलटा केला. आपण बायका कपडा आधी उलटाच करून बघतो, खरं काय ते आतच असतं. आणि ताई जवळजवळ किंचाळलीच. आत अस्तर नाही! पाठ पूर्ण उघडी, नुसत्या शिवणी, त्यांच्या कडा रेशमी पट्टीनं बांधलेल्या. खांदा चाचपला तर पॅड नाही. छातीला कडकपणा नाही. "अहो मास्तर, हा अर्धाच शिवलाय का?" मास्तर दुखावले. पूर्ण आहे म्हणाले, आणि असाच सांगितलाय. बिल बघितलं तर अस्तर लावलेल्या कोटापेक्षा शिलाई जास्त! कापड कमी, कॅनव्हास कमी, अस्तर गायब, पॅड गायब, आणि पैसे मात्र वाढलेले. याला दिवसाढवळ्या लूट म्हणायचं की नाही?

मास्तरांनी मग आम्हा दोघींची शिकवणी घेतली, आणि सांगायला वाईट वाटतं, पण त्यांचं बरोबर होतं. कोटात अस्तर असतं ते कोट अंगात सरकन जावा म्हणून, आणि मुख्य म्हणजे आतला पसारा झाकायला. अस्तर काढलं की प्रत्येक शिवण उघडी पडते, म्हणून ती हातानं घडी घालून बांधावी लागते. झाकायला काही नाही, मग चूक करायलाही जागा नाही. आणि उन्हाळ्यात कोटात जीव गुदमरतो तो बहुतेकदा वरच्या कापडानं नाही, आतल्या पॉलिस्टरच्या अस्तरानं. वर शंभर टक्के लिनन आणि आत सबंध पॉलिस्टर, असले कोट दुकानादुकानांत 'समर कलेक्शन' म्हणून टांगलेत. स्वस्त कोटाला छातीत फ्यूजिंग असतं, म्हणजे गोंद लावलेला कपडा इस्त्रीच्या तापानं चिकटवलेला. तो वारा अडवतो आणि ड्रायक्लीनिंग करता करता छातीवर फोड आल्यासारखे फुगे धरतो. चांगल्या कोटात त्याऐवजी टाक्यांनी बसवलेला कॅनव्हास, आणि त्यात घोड्याचे केस विणलेले. म्हणजे नवरदेव घोड्यावर आणि घोडा नवरदेवाच्या कोटात.

ही उचापत मूळची नेपल्सची. आता नेपल्स म्हणजे उकाड्याचं, समुद्रकाठचं गाव. तिथल्या साहेबी हौसेच्या लोकांना लंडनचा जाड, कडक, भरलेला कोट हवा होता आणि सोसवतही नव्हता. १९३०च्या दशकात जेन्नारो रुबिनाची नावाच्या गृहस्थांच्या दुकानात विन्चेन्झो आत्तोलिनी नावाचे कटर मास्तर होते. त्यांनी कोटातून पॅड काढले, अस्तर काढलं, भरण काढलं, कोट जवळजवळ शर्टाइतका मऊ करून ठेवला. दुकानाचं नाव काय, तर 'लंडन हाउस'! पाटी लंडनची आणि आत लंडनच्या कोटाची आतडी बाहेर काढायचं काम चालू.

त्यांच्या त्या खांद्याला बाही शर्टासारखी बसवतात आणि वर बारीक चुण्या येतात. मुद्दाम. आपल्याकडच्या कुठल्याही काकूंना दाखवा, त्या म्हणतील, बाही खाऊन बसलीय, उसवून परत लाव. आणि इथे भाचा त्या चुण्यांसाठी जास्तीचे पैसे मोजतोय.

चुणीवरून सुरकुतीवर येऊ. लिननची खरी बदनामी तिथेच आहे. भाचा कोट घालून घरून निघाला तेव्हा कडक इस्त्री होती. हॉलवर उतरेपर्यंत कोपरात आणि पाठीवर जाळं. समोरच्या काकूंनी मांडवातच विचारलं, "इस्त्रीला वेळ मिळाला नाही का रे?" त्यावर हा ताठ मानेनं, "काकू, लिनन असाच असतो." काकूंनी नंतर सगळ्या हॉलला सांगितलं, पोरगा चांगला आहे, पण घरात बघणारं कुणी नाही.

यात लिननचा दोष नाही, तो धागा लवचीक नाही एवढंच. लोकर मुरडली तरी पूर्ववत होते, लिनन मुरडलं की मुरडलं. पण घाम झटकन शोषतं आणि झटकन वाळतंही, म्हणून उन्हाळ्यात त्याला मान. आणि माहीत आहे का हे कुठून येतं? जवसापासून! विदर्भात ज्याची चटणी करतात, भाकरीवर तेल सोडून खातात, तेच जवस. आपलं जवस बुटकं, फांद्या फुटलेलं, बियांसाठीचं. धाग्याचं उंच सरळ वाढतं आणि ते मुख्यतः फ्रान्समधल्या नॉर्मंडीकडे आणि बेल्जियममध्ये पिकतं. तिथे ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात आणि दव-पावसात शेतातच कुजवून धागा सोडवतात. भाच्याच्या आजीला हे सांगितलं तेव्हा तिनं कोटाच्या बाहीचा वास घेऊन बघितला. मग म्हणाली, चटणीच्या किमतीत मिळाला असता तर बरं.

सुरकुत्यांना अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या हॅस्पेल कंपनीनं म्हणे चांगली युक्ती काढली होती. १९०९पासूनची ही कंपनी सीरसकरचे सूट करायची. हे सुती कापड मुळातच चुणीदार, त्यामुळे इस्त्रीचा प्रश्नच मिटला. सांगतात की हॅस्पेलसाहेब एकदा सूट घालूनच समुद्रात शिरले, मग तो वाळवला आणि संध्याकाळी तोच घालून जेवायला गेले. खरंखोटं देव जाणे. आपल्याकडे जुहूला कुणी असं केलं तर जेवायला कुठे नेतील ते सांगायला नको.

मोठ्यांच्या घरचे किस्से काढायचे तर ड्यूक ऑफ विंडसरना विसरून कसं चालेल? प्रेमापायी गादी सोडली म्हणून जग त्यांना ओळखतं. आम्हाला रस दुसऱ्याच गोष्टीत. यांचे कोट शिवायचे लंडनला, शोल्टे मास्तरांकडे, आणि पँटी शिवून यायच्या न्यूयॉर्कहून! मधे अख्खा अटलांटिक. आणि आपण पँट-ब्लेझरची शेड जुळत नाही म्हणून शेजारच्या दुकानात जायला कुरकुरतो.

ओबामांचं तर उन्हाळी सूटनं नावच घालवलं. २८ ऑगस्ट २०१४ ला ते व्हाइट हाउसमध्ये पत्रकारांसमोर आले, विषय इसिसचा आणि सीरियाचा, आणि अंगात फिका बदामी सूट. देशभर गहजब! युद्धाच्या गोष्टी आणि हा रंग? एका खासदारानं तर जाहीर नापसंती व्यक्त केली. पुढच्या जानेवारीत हेच ओबामा दिल्लीत आले, तर समोर आपले पंतप्रधान गडद बंदगळ्यात, आणि कापडाच्या बारीक उभ्या रेघा बघितल्या तर त्यांत त्यांचंच पूर्ण नाव पुन्हापुन्हा. त्यावरही गहजब. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरतेत त्या सूटचा लिलाव झाला आणि तो ४ कोटी ३१ लाखांना गेला. बदामी सूटला कुणी किती दिले, ते ऐकिवात नाही.

एक सूट मात्र या थट्टेच्या बाहेर. महाराष्ट्रात गावोगावी चौकात जो निळा सूट उभा आहे, तो हौसेचा नाही. ज्यांना चांगलं कापड अंगावर घालायचीही रूढीनं बंदी होती, त्यांच्यातला माणूस कोलंबियात शिकला, लंडनला शिकला, बॅरिस्टर झाला आणि इस्त्रीच्या थ्री-पीस सूटमध्ये परिषदांना जाऊन बसला. तिथे उन्हाळा-हिवाळा असले प्रश्न विचारायचे नसतात. आंबेडकर जयंतीला, भर एप्रिलच्या उन्हात, निळा कोट घालून निघालेलं पोर दिसलं की मी तरी गप्प बसते.

बाकीच्यांवर मात्र बोलणार. फ्लॉरेन्सला १९७२पासून पित्ती उओमो नावाची पुरुषी कपड्यांची जत्रा भरते, जानेवारीत आणि जूनमध्ये. त्या जूनच्या उन्हात जगभरचे बाप्ये पूर्ण सुटाबुटात भिंतीला टेकून उभे राहतात, नजर लांब कुठेतरी, जणू समोरचे वीस फोटोवाले दिसतच नाहीत. ती नजर आता पुण्यात आलीय. प्री-वेडिंगचे फोटो बघा. भाच्यानं तर कोटाच्या बाहीचं शेवटचं बटण उघडं ठेवलं होतं. मी मायेनं लावायला गेले तर हात मागे! उघडं ठेवायचं असतं म्हणे. कारण तयार कोटाच्या बाहीची बटणं बहुधा शोभेची, नुसती वर टाकलेली. खरी काजं असली तर कोट शिवून घेतलाय हे कळतं. पण बटण लावलं तर कसं कळणार? म्हणून एक उघडं. इतका आटापिटा करून वर म्हणायचं, "काही नाही, असंच घातलं सहज." सहज! पाऊण तास खोलीचं दार बंद होतं.

इकडे दुसरं टोक बघा. जपानच्या सरकारनं २००५ पासून उन्हाळ्यात कचेऱ्यांतले एसी २८ अंशांवर ठेवायला सांगितले आणि लोकांना कोट-टाय काढून ठेवायला लावले. आपल्या बार कौन्सिलनंही सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट वगळता उन्हाळ्यात वकिलांना काळ्या कोटाची सक्ती ठेवलेली नाही. ज्यांना नोकरीधंद्यापायी घालावा लागत होता ते सुटले, आणि ज्यांच्यावर कसलीच सक्ती नाही ते मे महिन्यात पैसे देऊन घालतायत.

एवढं बोलल्यावर कुणी म्हणेल, मावशी, तुझा विरोध आहे. छे! भाचा त्या कोटात देखणा दिसत होता, ते नाकारून मी कुठे जाऊ? खांदा जिथे संपतो तिथेच कोटाचा खांदा संपलेला, कॉलर मानेला चिकटून, हात वर केला तरी सगळा कोट वर येत नव्हता. सुरकुत्या होत्या, पण चेहऱ्यावर घाम नव्हता. शेजारी त्याचे वडील, आमचे दाजी, चकचकीत रेडीमेड सूटमध्ये, रुमाल पिळून पिळून घाम पुसत. म्हणजे अस्तराच्या नावानं ताईनं केलेला आरडाओरडा तिच्याच नवऱ्याच्या अंगावर उलटला.

तेव्हा करा सूट, पण दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नका, कापडाकडे बघा. तो म्हणेल, "सर, सुपर १५०!" हा आकडा लोकरीचा धागा किती बारीक ते सांगतो, बाकी काही नाही. सुपर १०० म्हणजे १८.७५ मायक्रॉनपर्यंत, १५० म्हणजे १६.२५पर्यंत. जितका बारीक तितका नाजूक, लवकर झिजणारा. गारव्याशी त्याचा थेट संबंध नाही. आणि हो, उन्हाळ्यात लोकर! मीही तोंडाला पदर लावला होता. पण घट्ट पीळ दिलेल्या धाग्याची, साध्या विणीची, मीटरला अडीचशे ग्रॅमच्या आतबाहेरची लोकर उजेडाकडे धरली तर आरपार जाळी दिसते, वारा खेळतो, आणि सुरकुती रात्रभर टांगून ठेवली की उतरते. ज्यांना समोरच्या काकूंची भीती आहे त्यांनी लिननऐवजी ती घ्यावी. 'लिनन लुक' असं लिहिलेलं दिसलं तर तुकड्याचा एक दोरा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडी लावा. लिननची राख होईल, कागद जळाल्याचा वास येईल. वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर.

पैसे खर्चायचे तर खांद्यावर आणि कॅनव्हासवर खर्चा. बाही, कंबर, पँटची उंची कुणीही दुरुस्त करून देईल. खांदा चुकला तर कोट गेला. आणि मास्तरांकडे लग्नाच्या आठवड्यात जाऊ नका हो, दीड-दोन महिने आधी जा. ऐन सराईत ते माप घेतील, पण कच्च्या टाक्यांची ट्रायल द्यायला त्यांना वेळ उरणार नाही.

राहता राहिली वरपक्ष-वधूपक्षांना एक विनंती. स्टेजवरचा तो मोठा पंखा दरवेळी व्हिडिओवाल्याकडे वळवलेला असतो. तो नवरदेवाकडे वळवा. आणि नवरदेवाच्या वडिलांकडेही.